आपांनी विचारलेले तीन प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या सर्वांचे आदरणीय मुख्याध्यापक कमरोद्दीन सर, आजच्या सत्कारमूर्ती जाहेदा आपा, आईला सोबत न्यायला हैदराबादहून आलेले त्यांचे चिरंजीव शफीक, पहिल्या दिवसापासून आपांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसलेल्या साळूबाई, आणि समोर जमलेल्या बालकहो! बालकहो म्हणतो, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे केस पिकलेले असले तरी आपांच्या पाळणाघरात त्यांची नाकं पुसली गेली आहेत. त्यांच्या पालकांना आणि त्यांच्या मांडीवर पेंगणाऱ्या पुढच्या पिढीलाही माझा नमस्कार.

आयोजकांनी कार्यक्रमाची वेळ दुपारी तीनची ठेवली. त्यांचा नाइलाज असेल, सभागृह तेवढंच मोकळं मिळालं असेल. पण दोन ते चार ही आपांच्या किलेअर्कच्या पाळणाघरात झोपेची वेळ. आपांच्या समोर या वेळेला मोठ्यानं बोलायची माझी अजूनही हिंमत होत नाही. म्हणून मी जरा हळू बोलणार आहे. मागच्या रांगेतल्यांनी सांभाळून घ्यावं.

मी रामकिसन. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराचा तराजू खरा आहे की नाही, त्याचं किलोचं वजन खरंच किलोचं आहे की नाही, हे तपासण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. या शहरातल्या अनेक किराणा दुकानदारांनी मला पाहून दुकानाचं शटर खाली ओढलेलं आहे. शटर नव्हे, पण दार माझ्या तोंडावर लावणारी बाई मात्र एकच भेटली. ती आज आपल्यासमोर हार घालून बसली आहे. ती हकिगत सांगावी म्हणून आयोजकांनी मला उभं केलं आहे. वेळ दहा मिनिटं दिली आहे, आणि त्यातली दोन मी आताच खाल्ली.

गोष्ट एकोणीसशे शहाऐंशीची. आम्ही पदमपुऱ्यात भाड्यानं राहत होतो. माझी पत्नी द्वारका टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती, पण टेंपररी. त्या वर्षी कायम होणाऱ्यांची यादी लागायची होती. आमची मुलगी रेवती दोन वर्षांची. तिला माझी आई, सरूबाई, सांभाळायची. आई मूळची पाचोडची. दोन वर्षं तिनं आमच्याकडं काढली आणि एका सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला आता गावाकडं घाल. इथं बोलायला माणूस नाय, अन् बाजाराला गेलं तर कुणी ओळखत नाय." पाचोडच्या आठवडी बाजारात जिला पाच पावलं टाकायला अर्धा तास लागतो, कारण दर पावलाला कुणीतरी हटकतं, तिला पदमपुऱ्यात कसं करमावं? आम्ही तिला अडवलं नाही.

पण मग रेवतीचं काय? द्वारकानं पंधरा दिवसांची रजा काढली. ती शेवटची. सोळाव्या दिवशी, सोमवारी, हजर झाली नाही तर यादीत नाव येणार नाही, हे तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे पंधरा दिवसांत पाळणाघर शोधायचं. आणि घरात एक निरीक्षक आयता होता.

मी काय केलं असेल? खात्याच्या पद्धतीनं तपासणीचा तक्ता तयार केला. एकवीस प्रश्न. पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का? जिन्याला कठडा आहे का? रस्त्याकडच्या दाराला वरून कडी आहे का? किती मुलांमागं एक बाई? औषधाची पेटी आहे का? संडास धुतलेला आहे का? समोर एक रकाना, त्यात बरोबर किंवा फुली. हे प्रश्न वाईट होते असं कुणी समजू नये. आजही मी तरुण आईबापांना सांगतो की हे सगळं विचाराच. पाणी आणि कडी बघितल्याशिवाय लेकरू कुठं ठेवू नका. आणि न सांगता जा. सांगून गेलं की प्रत्येकाचा तराजू बरोबर असतो.

मीही न सांगताच गेलो. पहिलं पाळणाघर गावाच्या नव्या भागात होतं. नाव सांगत नाही, ते आता राहिलंही नाही. भिंतींवर हत्ती, ससे, फुगे रंगवलेले. फरशी आरशासारखी. फळीवर खेळण्यांची रांग. दहा-बारा मुलं गोल करून बसलेली आणि एवढी शांतता की पंख्याचा आवाज ऐकू यावा. माझ्या तक्त्यात एकवीसपैकी एकवीस बरोबर. असा तराजू मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तिथून निघालो तो किलेअर्कला. कुणीतरी जाहेदाबींच्या पाळणाघराचं नाव सांगितलं होतं. दुपारचे अडीच वाजले असतील, हातात खात्याची पेटी होतीच. कडी वाजवली. बराच वेळ काही नाही. मग दार वीतभर उघडलं आणि फटीत अर्धा चेहरा दिसला.

"बच्चे सो रहे. चार बजे आओ."

मी म्हणालो की मला आतून पाहायचं आहे. मी सरकारी निरीक्षक आहे.

"तो फिर हल्लू बोलो," असं म्हणून बाईंनी दार लावलं.

आपा, तुम्ही हसताय. तेव्हा मी काही हसलो नव्हतो. निरीक्षकाला आत येऊ न देणारा माणूस काहीतरी लपवतो, हे आमच्या खात्यातलं पहिलं सूत्र. मी तिथंच ओट्यावर बसून एकवीस फुल्या मारल्या, खाली सही केली, तारीख घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या आठवड्यात रेवती त्या हत्ती-सशांच्या पाळणाघरात जायला लागली. द्वारकाची रजा होती, तोवर सवय होऊ दे, हा विचार. संध्याकाळी आणायला मी जायचो. तिथल्या बाई रोज कौतुक करायच्या की एवढी शहाणी मुलगी पाहिली नाही, आवाज म्हणून करत नाही. बापाची छाती फुगायला आणखी काय लागतं? द्वारका मात्र पहिल्या दिवसापासून कुरकुरत होती. ती सोडायला गेली तेव्हा फळीवरच्या खेळण्यांना तिनं हात लावून पाहिला होता. म्हणाली, "अहो, त्यांच्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही." मी म्हणालो, बघ, किती निगा ठेवतात.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला बसलो. द्वारका स्वयंपाकघरातून वरण घेऊन आली आणि भांडं तसंच हातात धरून उभी राहिली. मी वळून पाहिलं. रेवती पाटावर बसली होती. हाताची घडी घातलेली, एक बोट ओठांवर. कुणी काही म्हटलं नव्हतं. समोर जेवण आलं म्हणजे असं बसायचं असतं, एवढंच तिला पाच दिवसांत समजलं होतं. जी मुलगी आजीच्या ताटातला भात ओढून घ्यायची, ती पोरगी बोट काढायची परवानगी कोण देतं म्हणून माझ्याकडं बघत होती.

मित्रहो, शांतता कुठं मोजायची आणि कशाची, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

द्वारकानं तिचं बोट हळूच खाली घेतलं, तिला मांडीवर घेऊन भरवलं आणि मग मला म्हणाली, "सोमवारी मी कामावर गेले नाही तर नोकरी जाईल. जाऊ दे. पण हिला तिथं ठेवणार नाही." मग तिनं विचारलं, "त्या दुसऱ्या बाईनं तुम्हाला आत का नाही घेतलं?" मी सांगितलं, मुलं झोपली होती म्हणे. द्वारका म्हणाली, "हातात सरकारी पेटी असलेल्या माणसाला जी बाई लेकरांच्या झोपेपायी दारातून परत पाठवते, ती ऐऱ्यागैऱ्याला आत सोडणार नाही. उद्या चार वाजता जाऊ."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझा अहवाल एवढ्या थोडक्यात कुणी रद्द केला नाही. रद्द करणाऱ्या त्या बाई समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि आता मान हलवताहेत.

शनिवारी चारला गेलो. दार सताड उघडं. आत नुसता कल्लोळ. कुणी परातीत चमचा वाजवतंय, कुणी साळूबाईंच्या पदराला धरून ओढतंय, एक जण रडतोय आणि आपा त्याच्यासमोर उकिडव्या बसून त्याचं म्हणणं असं ऐकताहेत जसा वकील अशिलाचं ऐकतो. खेळणी म्हणजे तुटकी आगगाडी, डबे, लाकडाचे ठोकळे. सगळ्यांचे रंग उडालेले. मी तक्ता काढला. पण मी पहिला प्रश्न वाचायच्या आत आपा म्हणाल्या, "भाईसाब, तुमचे नंतर. आधी माझे तीन. तुमच्या मुलीला भूक लागली की ती कसं सांगते?"

मी द्वारकाकडं पाहिलं. द्वारका म्हणाली, "बोलत नाही, पण ताटली डोक्यावर ठेवते."

"झोपताना तिला काय लागतं?"

आता मी द्वारकाकडं पाहिलं आणि द्वारकानं माझ्याकडं. हिच्या ऑफिसच्या पाळ्या, माझे दौरे. दोन वर्षं रेवतीला माझ्या आईनंच निजवलं होतं. आई गेल्यापासून तर ती रोज रडून रडून, दमून झोपत होती, आणि आम्ही समजत होतो की आजीची आठवण येते.

"कशाला घाबरते?"

तेही माहीत नाही.

आपांच्या आवाजात राग नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या की पाणी झाकलेलं आहे, कडी वरून आहे, चार मुलांमागं एक बाई आहे आणि ज्या मुलाला जी बाई पहिल्या दिवशी उचलते तीच त्याला वर्षभर उचलते, ते तुम्ही खुशाल बघा. पण ही मुलगी मी रडत उठली तर कशी शांत करू, ते तुमच्या कागदात कुठं आहे? आधी विचारून या.

आता विचारायचं कुणाला? पाचोडला घरात टेलिफोन नव्हता. ऑपरेटरच्या नवऱ्याला याहून मोठी शिक्षा कोणती? पाच वाजता बसस्टँडवर आलो आणि मिळाली ती यष्टी धरली. आई दारातच शेंगा निवडत बसली होती. मी का आलो ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"दोन वरसं पोरगी माझ्या कुशीत निजती. तवा नाय इचारलं. आता यष्टीचं तिकीट काढून इचारायला आला व्हय?"

मग ती हसली आणि स्वतःचा कान दाखवला. रेवतीला निजताना कानाची पाळी लागायची. डाव्या कानाची. आई रोज दुपारी डाव्या कानातलं काढून ठेवायची, पोरीला टोचू नये म्हणून. दोन वर्षं आई दुपारी एका कानात दागिना घालून हिंडत होती, आणि आमच्यापैकी कुणीही तिला कधी कारण विचारलं नव्हतं. रेवती कशाला घाबरते, असं विचारल्यावर मात्र आई म्हणाली, "ते तूच बघ. समदं मीच सांगू का?"

रविवारी सकाळी परत येऊन आपांना सांगितलं की दुसरं उत्तर आणलं, तिसरं नाही. त्यांनी डाव्या कानातला झुमका काढून साळूबाईंकडं दिला. म्हणाल्या, तिसरं बसल्यावर कळेल.

हे 'बसणं' म्हणजे काय, ते इथल्या जुन्या पालकांना माहीत आहे. आपांकडं मूल एकदम सोडून जाता येत नसे. आई किंवा बाप, कुणीतरी चार दिवस मुलासोबत तिथं बसायचं. पहिल्या दिवशी शेजारी, दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी, तिसऱ्या दिवशी ओट्यावर, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलात. द्वारकाला सोमवारी हजर व्हायचंच होतं. म्हणजे कुणी बसायचं? रविवारी दुपारी मी आमचे साहेब नानासाहेब यांच्या घरी रजेचा अर्ज घेऊन गेलो. कारणाच्या जागी लिहिलं, 'पाळणाघरात बसण्यासाठी.' त्यांनी तो दोनदा वाचला. विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? म्हटलं, नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "आजारपण लिहिलं असतंस तर मी प्रश्नच विचारला नसता. खरं लिहिलंस, आता चार दिवस ऑफिसला काय सांगू?" आणि सही केली.

सोमवारी द्वारका कामावर गेली. मी पाळणाघरात. तीन दिवस वाटाणे सोलले, आगगाडीची चाकं बसवली, आणि पाहत राहिलो. दोन गोष्टी तिथं कळल्या. दोन वाजले की आपा आतून दाराला पाठ लावून, उंबरठ्याशी आडव्या व्हायच्या. दार हललं तर आधी त्यांना कळावं म्हणून. मला दार वीतभरच का उघडलं होतं, याचा उलगडा तेव्हा झाला. आणि आपा कधीही 'दमले' म्हणत नाहीत. त्या उठून साळूबाईंना विचारतात, "चाय रखूं क्या?" आणि साळूबाई म्हणतात, "तुम्ही बसा, मी ठेवते." दिवसातून तीनदा तरी हे व्हायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, रजा असूनही, मला करमाडला एका अडलेल्या तपासणीला जायचं होतं, म्हणून पेटी सोबत आणली होती. खात्याची वजनांची पेटी, लोखंडी कडांची. ओट्यावर नेहमीसारखी टेकवली. मोठा आवाज झाला. त्याच वेळी आत भिंतीवर पाल निघाली. आपा किंचाळल्या नाहीत, पण एका उडीत ओट्यावर माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ज्या बाईला मी तीन दिवस सेनापती समजत होतो, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आत चार वर्षांची दोन मुलं झाडू घेऊन सरसावली आणि म्हणाली, "आपा, तुम्ही बाहेरच थांबा. आम्ही बघतो." रोजचंच दिसत होतं. पाल गेली. आपा आत आल्या, सगळ्यांमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "मी पालीला घाबरते. तुम्ही कशाला घाबरता?" कुणी म्हणालं कुत्र्याला, कुणी म्हणालं मिक्सरला, कुणी मामाच्या मिशीला. रेवती साळूबाईंच्या मागं दडली होती. तिनं हात लांब केला आणि माझ्या पेटीकडं बोट दाखवलं.

दोन वर्षं मी घरी आलो की पेटी धाडकन खाली ठेवायचो, आणि मूल आजीकडं पळायचं. मी समजायचो, आजीचा लळा आहे.

मी पेटी उचलून बाहेर न्यायला लागलो, तर आपांनी थांबवलं. म्हणाल्या, उघडा. मी फडकं पसरून एकेक पितळी वजन हळू मांडलं. सगळी मुलं भोवती. रेवती अर्ध्या तासानं आली. सगळ्यात लहान वजन उचललं, ओठांना लावलं आणि परत जागेवर ठेवलं. माझ्या लेकीला मी पहिल्यांदा कधी नीट पाहिलं, असं कुणी विचारलं तर मी त्या बुधवारची तारीख सांगतो.

गुरुवारी दुपारी ती आपांचा कान धरून झोपली. चार वाजता उठली आणि हॉटेलातून परत आलेल्या माझ्याकडं न पाहता आगगाडीकडं गेली. आपा म्हणाल्या, आता जा. मी तरी रेंगाळत होतो. शेवटी साळूबाईंनी सुनावलं, "साहेब, पोरगी रमली. तुम्हाला कधी रमवायचं?"

पुढचं काय सांगू? त्या वर्षी यादी लागली, तीत द्वारकाचं नाव होतं. ती सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. रेवती आज पुण्याला आहे. तिच्या मुलासाठी पाळणाघर बघत होती तेव्हा तिनं फोन केला, "बाबा, तो एकवीस प्रश्नांचा तक्ता पाठवा." मी पाठवला. पण खाली लिहिलं, तुझे प्रश्न विचारून झाले की जरा थांब, आणि ते लोक तुला काही विचारतात का ते बघ. कुणी काहीच विचारलं नाही, तर भिंतीवर कितीही हत्ती असोत, लेकरू उचल आणि घरी ये.

आता एक शेवटचं काम. किलेअर्कचं पाळणाघर आपल्यातलीच कमरुन्निसा पुढं चालवणार आहे, ती त्याच आगगाडीशी खेळलेली आहे, तेव्हा ती काळजी नाही. काळजी आपांची आहे. त्या उद्या शफीककडं हैदराबादला निघाल्या. शफीक, तू चांगला मुलगा आहेस, घर मोठं आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. एकवीसपैकी एकवीस. पण बेचाळीस वर्षं या बाईनं आमची लेकरं विचारल्याशिवाय घेतली नाहीत. आम्ही तिला विचारल्याशिवाय कशी देऊ? तर तीन प्रश्न. आपा दमल्या की कसं सांगतात? झोपताना त्यांना काय लागतं? त्या कशाला घाबरतात?

पाल? बरोबर. एक आलं. बाकीचे दोन?

हसतोय नुसता. राहू दे, मागून सगळे एकदम सांगताहेत, ऐक त्यांचं. हो, त्यांनी "चाय रखूं क्या" विचारलं की आपण उठायचं आणि चहा ठेवायचा. आणि झोपताना पाठीला दार लागतं. तुझ्या त्या मोठ्या घरात त्यांचा पलंग दाराला लावून टाक. खिडकीतून देखावा कितीही छान असू दे. आणि नियमाप्रमाणं पहिले चार दिवस कुणीतरी बसायला हवं. साळूबाई सोबत येताहेत, त्यांचंही तिकीट आम्ही काढलं आहे. साळूबाई सांगतील तेव्हा आपा रमल्या असं समजायचं. त्याआधी नाही.

अध्यक्ष महाशय, दहा मिनिटांची कधीच वीस झाली, तरी तुम्ही घंटी वाजवली नाही, याबद्दल आपले आभार. आयोजकांचे, सभागृह लावून देणाऱ्यांचे, आणि इतका वेळ मांडीवरचं मूल न हलवता ऐकणाऱ्या आईबापांचेही आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुठं जास्त बोलून गेलो असेन, तर जसं आपांनी मला दुसऱ्यांदा दारात घेतलं तसं आपणही मोठ्या मनानं घ्यावं. आपण टाळ्या वाजवायला हात उचललेत, पण थांबा. घड्याळात चारला दोन मिनिटं कमी आहेत.

बसा. दोन मिनिटं थांबू. चार वाजू द्या, मग आपांसाठी हव्या तेवढ्या मोठ्यानं वाजवा.